मी लावलेल्या मोटरी

नळाच्या लाइनीला थेट मोटर जोडायची नसते, हे मला धंद्यात पडल्या पडल्या ठाऊक झालं होतं. ज्या मिस्त्रींकडं मी काम शिकलो ते राजारामपुरीत एका हार्डवेअर दुकानाच्या पायरीवर बसायचे. पाना हातात द्यायच्या आधी त्यांनी मला हे सांगितलं. लाइनीतलं पाणी सगळ्यांचं असतं, एकानं ओढलं की दुसऱ्याचं जातं, असं ते म्हणाले आणि मी मान हलवली. पुढच्या दहा-बारा वर्षांत या शहरात मी किती मोटरी थेट लाइनीला जोडल्या ते मला आज सांगता येणार नाही. पण एका गल्लीतल्या मोटरी मला एकेक करून आठवतात, कारण नंतर त्याच गल्लीत मी राहायला गेलो.

माझं गाव गारगोटीच्या पलीकडं, वेदगंगेच्या काठाला. आमच्याकडं नदीवरून शेतात पाणी चढवायच्या मोठ्या मोटरी होत्या. त्या खोलायला-जोडायला मी लहानपणीच शिकलो होतो. दहावी झाल्यावर शहरात आलो तेव्हा याच एका कलेवर मिस्त्रींनी मला ठेवून घेतलं. तेव्हा बंगल्यांची कामं जास्त असायची. बघता बघता बंगले पडायला लागले आणि त्यांच्या जागी चार मजली इमारती उभ्या राहिल्या. जिथं एक कुटुंब राहायचं तिथं सोळा आली. कामाला तोटा नव्हता.

ती गल्ली शहराच्या दक्षिणेच्या अंगाला आहे. मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की चढ लागतो आणि शेवटच्या प्लॉटपर्यंत चढच राहतो. जुनी माणसं सांगतात की तिथं उसाचे फड होते. पाण्याची लाइन टाकली तेव्हा आठ घरं होती म्हणे. मी पहिल्यांदा कामाला गेलो तेव्हा बावीस झाली होती. पाणी दिवसाआड सकाळी साडेसहाला यायचं आणि दीड-दोन तास टिकायचं.

गल्लीच्या तोंडाला एक खानावळ होती. चालवणारी बाई निपाणीकडची. घरात कानडी आणि दारात मराठी बोलायची. सगळे तिला अक्का म्हणायचे आणि ती मला तम्मा म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. तिच्याकडं क्लासची पोरं जेवायला असायची. भाकरी, भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि मागाल तेवढं ताक. पोरं वाढली तशी तिला पाणी पुरेना. तिनं मला बोलावून मोटर लावायला सांगितली. मी म्हटलं, अक्का, थेट लाइनीला लावायला परवानगी नसते.

"मग जेवल्यावर पोरांनी हात कशाला पुसायचं, भिंतीला?" अक्का म्हणाली.

मी अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर लावली. तिची गच्चीवरची टाकी वीस मिनिटांत भरली. तिनं मला बसवून जेवायला घातलं.

दोन महिन्यांनी तिच्या शेजारच्या घरातून निरोप आला. नळ बारीक झालाय, बघून जा. मी बघायला गेलो खरा, पण कारण मला घरातून निघतानाच माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. ते म्हणाले, अक्काची अर्ध्याची आहे ना, मग आम्हाला एकची लाव. मग त्यांच्या वरच्या घरानं बोलावलं, मग त्याच्या वरच्या. प्रत्येकाला खालच्यापेक्षा मोठी पाहिजे होती. मी कुणाला नको म्हटलं नाही. गल्लीत माझं नाव झालं होतं. सकाळी मी त्या बाजूनं गेलो की चहासाठी दोन-तीन घरांतून तरी हाक यायची.

असं चाललं असताना माझं लग्न झालं, मुलगी झाली, आणि भाड्याच्या खोलीत आम्हाला जागा कमी पडायला लागली. त्याच गल्लीच्या अगदी शेवटाला, चढ संपतो तिथं एक लहान प्लॉट होता. तो मी घेतला आणि दोन खोल्या बांधल्या. गल्लीतली माणसं खूश झाली. आता आपला प्लंबर हाकेच्या अंतरावर आला, असं ती म्हणायची.

पहिल्या पाण्याच्या दिवशी मी आणि बायको नळापाशी उभे होतो. मी दारात हातभर खोल खड्डा घेऊन त्यात नळ बसवला होता, म्हणजे दाब कमी असला तरी खाली धार पडेल. साडेसहा वाजले. नळातून फुसफुस आवाज आला. बायको म्हणाली, येतंय वाटतं. मी नळाच्या तोंडावर तळहात धरला. हात आत ओढला गेला. पाणी येत नव्हतं, उलट खालच्या मोटरी माझ्या नळातून हवा ओढत होत्या. आठ वाजेपर्यंत बादलीत तांब्याभर पाणी पडलं.

मी खालच्या घरांच्या नावानं बडबडायला लागलो. बायकोनं थोडा वेळ ऐकून घेतलं.

"शिव्या कुणाला देताय?" ती म्हणाली. "तुमच्याच हातानं लावलंय की."

 मी पिशवी उचलली आणि कामाला निघून गेलो.

पुढची दोन वर्षं बायको पाणी भरायला गल्लीच्या मध्यावर जायची. तिथं कोर्टातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहायचे. सगळे त्यांना साहेब म्हणायचे. खालचा मजला त्यांनी भाडेकरूंना दिला होता आणि स्वतः बायकोबरोबर वर राहत होते. त्यांच्या बायकोनं आपण होऊन माझ्या बायकोला सांगितलं होतं, आमची टाकी भरली की सहा घागरी तू घेऊन जात जा. साहेब घड्याळ बघत जिन्यात उभे असायचे, पण त्यांनी कधी अडवलं नाही. बायको डोक्यावर एक आणि कमरेला एक अशा घागरी घेऊन तीन खेपा करायची. मी घरी असलो तर मीही भरायचो, पण गल्लीतून घागर नेताना मला मान वर करता यायची नाही. मोटरवाल्या घरांतली माणसं दारात उभी असायची. कुणी काही बोलायचं नाही. काहीजण तर कळवळून म्हणायचे, तुमच्याकडं अजिबातच येत न्हाय व्हय?

एका पावसाळ्यात गल्लीतल्या अर्ध्या घरांत पोटं बिघडली. अक्काची चार-पाच पोरं तापानं पडली. पावसाळ्यात असं होतंच, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. मला मात्र शंका होती. लाइन कुठं फुटली असेल आणि शेजारून गटार जात असेल, तर इतक्या मोटरी एकदम ओढायला लागल्यावर पाण्याबरोबर गटारातलंही आत येणार. मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगायचं झालं असतं तर कुणी लावल्या हेही सांगावं लागलं असतं.

मग साहेबांच्या बायकोला अर्धांगाचा झटका आला आणि ती अंथरुणाला खिळली. त्यांच्याकडं आता पाणी जास्त लागू लागलं. माझी बायको घागर घेऊन त्यांच्या दारात जायला कचरू लागली. शेवटी मी ठरवलं की आपणही मोटर लावायची, आणि लावायची तर सगळ्यांपेक्षा मोठी. दीड हॉर्सपॉवरची आणली. बायकोला ते आवडलं नाही. मी दाराशी बसून मोटर जोडत होतो तेव्हा ती एकदाही बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी पाणी यायचं होतं.

त्या सकाळी सहाला लाइट गेली. मोठ्या रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता. आता दुपारपर्यंत काही नाही, अशी बातमी गल्लीत फिरली. मी डोक्याला हात लावून पायरीवर बसलो. नवी मोटर तशीच उभी. पावणेसात झाले असतील, बायकोनं मला आतून हाक मारली. मग दुसरी हाक मारली. मी गेलो तर खड्ड्यातला नळ वाहत होता. मोटर जोडताना मी तो पूर्ण बंद करायचा विसरलो होतो. बारीक धार नव्हती, चांगली अंगठ्याएवढी धार होती. बादली भरली, पिंप भरायला लागलं. आम्ही दोघं खड्ड्याच्या काठावर बसून बघत राहिलो. मुलगी उठून आली आणि तिनं धारेखाली हात धरला. या घरात आल्यापासून आमच्या दारात एवढं पाणी कधी आलं नव्हतं.

मला कारण कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा मी तसाच चपला घालून गल्ली उतरत गेलो. प्रत्येक दारात माणसं बादल्या घेऊन उभी होती. लाइट न्हाय, आता पाणी न्हाय, असं एकमेकांना सांगत होती. जमिनीलगतचा नळ कुणीच उघडून बघितला नव्हता. कित्येकांच्या घरी तो नळ उरलाच नव्हता, लाइन थेट मोटरीत गेली होती. अक्काच्या परसात एक जुना नळ होता. तो गंजून घट्ट बसला होता. मी पान्यानं तो सोडवला. पाणी जोरात उसळून तिच्या लुगड्यावर उडालं.

"मोटर न्हाय, तरी येतंय?" अक्का म्हणाली.

"तरी न्हवं अक्का," मी म्हटलं. "मोटर न्हाय म्हणून येतंय. वर माझ्या दारातबी आलंय."

ती नळाकडं बघत उभी राहिली. मग तिनं पदर पिळला आणि म्हणाली, रविवारी संध्याकाळी खानावळ बंद असते, सगळ्यांना बोलावू.

रविवारी तिच्या जेवणाच्या खोलीत पंधरा-सोळा घरांतली माणसं आली. मला बोलायची सवय नव्हती. मी उभा राहिलो आणि जे झालं ते सांगितलं. लाइनीत पाणी आहे. सगळ्यांनी ओढायचं थांबवलं तर ते आपल्या दाबानं शेवटापर्यंत चढतं. जमिनीत टाकी करून त्यात नळ सोडायचा, ती भरली की तिच्यातून मोटरीनं गच्चीवर चढवायचं. मोटर हवी तर राहू दे, पण टाकीला लावायची, लाइनीला नाही. खालच्या घरांच्या टाक्या भरून त्यांच्यातले तरंगते फुगे नळ बंद करतील तसं पाणी वर सरकेल. पावसाळ्यातल्या तापाबद्दलची माझी शंकाही मी त्या दिवशी सांगून टाकली. 

मग अक्काच्या शेजारचे म्हणाले, "तुझं घर शेवटाला हाय. म्हणून सुचतंय तुला हे."

"व्हय," मी म्हटलं. "शेवटाला हाय म्हणूनच कळलं. मधी राहत असतो तर तुमाला अजून एक मोटर लावून दिली असती. ह्या सगळ्या मीच लावल्यात. लावायला नको हे ठावं असून लावल्यात. काढायच्याबी मीच काढतो, मजुरी नको."

बरीच वादावादी झाली. कुणी म्हणालं, एकानं जरी चालू ठेवली तरी बाकीचे मूर्ख ठरतील. ते खरंच होतं. शेवटी अक्कानं तोडगा काढला. चार पाळ्या करून बघायचं. चार वेळा पाणी येईल तेव्हा कुणीही मोटर लावायची नाही, जमिनीलगतच्या नळावर भरायचं. ज्यांच्याकडं तो नळ उरला नव्हता त्यांना मी बसवून दिला. त्यात तिच्या खानावळीला एक दिवस जरी पाणी कमी पडलं, तर पाचव्या पाळीला सगळ्यात आधी तिची मोटर चालू होईल, हेही तिनं सांगून ठेवलं.

पहिली पाळी पुरती फसली. साडेसहाला दहा मिनिटं गल्ली शांत होती. मग कुठंतरी मोटर घरघरली. कुणाची ते कळायच्या आत दुसरी सुरू झाली, मग तिसरी. पाच मिनिटांत सगळी गल्ली वाजायला लागली. मी खड्ड्यापाशी उभा होतो. नळाची धार माझ्या डोळ्यांदेखत बारीक झाली आणि हवा ओढल्याचा तो आवाज आला.

दुसऱ्या पाळीच्या आदल्या दिवशी अक्का घरोघर गेली. ती म्हणाली, तोंडाच्या शब्दावर माझा भरवसा न्हाय, फ्यूज काढून आणून द्या. आमच्याकडं मोटरीच्या बोर्डावर पांढरे चिनी मातीचे फ्यूज असायचे. ते ओढले की निघतात. सकाळी सहाला माणसं आपापला फ्यूज घेऊन खानावळीत आली. अक्कानं भाकरीचं पीठ मळायची मोठी परात टेबलावर ठेवली होती. तिच्यात एकेक फ्यूज पडत गेला. तिनं सगळ्यांना चहा दिला. एरवी पाण्याच्या वेळी घराबाहेर न पडणारी माणसं तिथं बाकांवर बसून चहा पीत होती. साडेसातला बायकोचा फोन आला. पिंप भरलं होतं, घागरी भरल्या होत्या, आता कशात भरू, असं ती विचारत होती. मी फोन हातात धरून बाहेर आलो. 

तिसऱ्या पाळीला मात्र वर पाणी कमी आलं. परातीत फ्यूज सगळे होते, अक्कानं दोनदा मोजले. चौथ्यालाही तसंच झालं. अक्का संतापली. दारात उभी राहून ती वरच्या आवाजात बोलायला लागली की कुणीतरी दुसरा फ्यूज घालतंय आणि ती त्याला शोधून काढणार. मी तिला म्हटलं, जरा थांबा. मी गल्ली चढत निघालो आणि प्रत्येक घराच्या पाण्याच्या मीटरपाशी थांबून पाइपवर हात ठेवत गेलो. वाहत्या पाण्याचा पाइप गार आणि शांत लागतो. मोटर ओढत असली तर तो थरथरतो. साहेबांच्या दारातला पाइप थरथरत होता.

आवाज मात्र काहीच येत नव्हता. मी जिन्याखाली वाकून बघितलं. मोटर दोन गोधड्यांत गुंडाळली होती, वरून उशी दाबून बसवली होती. साहेब जिन्यावर उभे होते. त्यांनी मला वाकताना बघितलं होतं. ते खाली आले आणि बटण बंद केलं.

"सगळ्यांना सांगणार असाल तर आत्ताच जाऊन सांगा," ते म्हणाले. "मी नाही म्हणणार नाही."

 वरच्या खोलीतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, कोण आलंय म्हणून. साहेब मला वर घेऊन गेले. ती खिडकीपाशी कॉटवर होती. बोलणं जरा जड झालं होतं, पण तिनं मला ओळखलं आणि माझ्या मुलीची चौकशी केली. गॅलरीत चादरी भिजत पडल्या होत्या, दोन बादल्या भरून. साहेब ते सगळं स्वतः धूत होते. नंतर जिन्यात थांबून त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं की रोज दोनदा तरी अंथरूण बदलावं लागतं, आणि वरच्या टाकीतलं पाणी एक दिवस जरी संपलं तर त्यांनी करायचं काय? फ्यूज दिला त्या पहिल्या दिवशी त्यांनी मोटर खरोखर बंद ठेवली होती, दुसरा फ्यूज नंतर आणला. त्या दिवशी वर एक थेंब चढला नाही. त्या दुपारी त्यांना भाडेकरूंच्या दारात बादली घेऊन उभं राहावं लागलं होतं. आयुष्यात कधी मी असा उभा राहिलो नव्हतो, असं ते म्हणाले.

बादली घेऊन दुसऱ्याच्या दारात उभं राहणं काय असतं ते मला कळत होतं. माझी बायको त्यांच्याच दारात दोन वर्षं उभी राहिली होती. पण ते मला त्यांना ऐकवावंसं वाटलं नाही. मी एवढंच म्हटलं की साहेब, चूक माझी आहे. तुम्हाला पाणी वर लागतं आणि खाली साठवायला टाकी नाही, हे मला आधी बघायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या जिन्याखालची फरशी काढली. दोन दिवस खोदलं, विटांचं काम माझ्या ओळखीच्या गवंड्यानं केलं. मी लाइन टाकीत सोडली, फुगा बसवला आणि तीच मोटर टाकीवर ठेवली. गोधड्या साहेबांनी आधीच काढून वाळत घातल्या होत्या. टाकी झाल्यावरच्या पहिल्या पाळीला त्यांची खालची टाकी मोटरीशिवाय पाऊण तासात भरली. मग त्यांनी बटण दाबलं आणि पाणी गच्चीवर गेलं. ते वर जाऊन टाकीत डोकावून आले. खाली येऊन त्यांनी माझा खांदा दाबला.

मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनीच पुढच्या रविवारी खानावळीत उभं राहून सांगितलं. कोर्टात अर्ज वाचावा तसं, एका लयीत. दोन पाळ्या मी चोरून मोटर चालवली, कारण असं असं होतं, आता गरज नाही.  सगळे अक्काकडं बघत होते, कारण चोराला शोधून काढीन असं तीच ओरडली होती.

"घरात आजारी माणूस हाय हे आमाला ठावं होतं," ती म्हणाली. "आमी इचारायला पायजे होतं. आता फ्यूज आणू नका कुणी. परात मला पिठाला लागते."

त्या उन्हाळ्यात मी इतर कामं कमी घेतली. एकेका घराची मोटर लाइनीवरून काढून टाकीवर बसवत गेलो. जिथं खोदायला जागा नव्हती तिथं प्लॅस्टिकची टाकी खड्ड्यात उतरवली. गुरुवारी एक, रविवारी एक, असं करत दिवाळीपर्यंत गल्ली झाली. दोन घरांनी शेवटपर्यंत नाही म्हटलं. त्यांच्या मोटरी अजून आहेत, पण त्या लावायची वेळ त्यांच्यावर फारशी येत नाही. अक्कानंही हळूहळू त्यांना बोलणं सोडून दिलं.

मग गल्लीच्या तोंडाशी, खानावळीच्या समोर, एक बंगला पडला आणि वीस फ्लॅटची इमारत उभी राहू लागली. बिल्डरच्या माणसानं मलाच बोलावलं. मोठी मोटर थेट लाइनीला, असं त्याचं म्हणणं होतं. मी नाही म्हटलं. तो हसून म्हणाला, तुम्ही नाही तर दुसरा कोणी करेल. तेही खरं होतं. शहरात प्लंबर काय कमी आहेत? मी खानावळीत जाऊन बसलो आणि अक्काला म्हटलं, आता सगळं परत पहिल्यासारखं होणार.

साहेब तिथंच होते. ते म्हणाले, बिल्डरशी कशाला बोलायचं, ज्यांनी फ्लॅट घेतलेत त्यांच्याशी बोलू. शनिवार-रविवार ती माणसं बांधकाम बघायला यायची. अक्का त्यांना उन्हातून बोलावून ताक द्यायची आणि साहेब शांतपणे समजावायचे की उन्हाळ्यात बोअर आटतं, लाइन एवढीच आहे, मोठी खालची टाकी नसली तर तुमच्यातच भांडणं लागतील. नवी माणसं ऐकून घ्यायची. त्यांचं सगळं तिथं गुंतलेलं होतं. सहा-सात जणांनी मिळून बिल्डरकडं मागणी केली. त्यानं पार्किंगखाली मोठी टाकी बांधली, लाइन तिच्यात सोडली, आणि गच्चीवरचं पावसाचं पाणी नळीनं बोअरपाशी उतरवून जिरवलं. ते काम त्यानं मलाच दिलं. हे त्यानं चांगुलपणानं केलं असं मला वाटत नाही. पण केलं.

आता गल्ली आमच्या घराच्याही वर गेली आहे. जिथं चढ संपतो असं मला वाटायचं त्याच्या पुढं माळ फोडून पाच घरं झाली. आम्ही आता शेवटचे राहिलो नाही. आमची टाकी वरच्यांच्या आधी भरते. बायकोनं फुगा मला जरा खाली बसवायला लावला, म्हणजे टाकी पाऊण भरली की नळ बंद होतो. माझं म्हणणं होतं की पूर्ण भरू दे. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं. मी फुगा खाली बसवला.

गेल्या उन्हाळ्यात पाणी तीन दिवसांआड झालं. अक्काच्या खोलीत पुन्हा सगळे जमले, इमारतीतलेही आले. तासभर भांडण झालं. मग असं ठरलं की पहिला अर्धा तास खालच्या घरांनी नळ बंद ठेवायचे आणि वरच्या पाच घरांना आधी भरू द्यायचं. सगळ्यांना ते जमलं असं नाही. पण बहुतेकांनी केलं.

हे ठरायच्या थोडं आधी सगळ्यात वरच्या घरात पेठ वडगावकडचं एक जोडपं राहायला आलं. ठरल्यानंतरच्या पहिल्याच पाण्याच्या आदल्या दिवशी तो माणूस माझ्या दारात आला. नळाला एक थेंबसुद्धा येत नाही, मोटर बसवून द्या, असं म्हणाला. मी त्याला म्हटलं, "पावणं, उद्या सकाळी मी येतो. मोटर आणत न्हाय, नुसता येतो."

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही दोघं त्याच्या नळापाशी उभे होतो. नळ कोरडा होता. त्याची बायको दारात कळशी घेऊन उभी होती. तो दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होता आणि माझ्याकडं बघायचं टाळत होता. मीही आत कुठंतरी घाबरलो होतो. एवढ्या वर पाणी चढेल की नाही हे खात्रीनं सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. खाली गल्लीत शांतता होती. कुठं मोटर वाजत नव्हती, एवढंच काय ते मला ऐकू येत होतं.

सात वाजायला पाच मिनिटं असताना नळ फुसफुसला. त्यानं पुढं होऊन नळाच्या तोंडाशी हात धरला.  मग त्याच्या बोटांवर पाणी आलं, आधी गढूळ, मग स्वच्छ, आणि त्याची बायको कळशी घेऊन पायऱ्या उतरली.